बॅटरीचा उतारा

शालूबाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र रोज सकाळी थोडा वेळ उंबऱ्याजवळच्या खुंटीवर असायचं. नवरा जिवंत, समोर खाटेवर पडलेला, आणि बाई गळ्यातलं काढून ठेवते, ही गोष्ट गावाला पचायला जड गेली. सासूबाई धोंडुबाई तेवढा वेळ खुंटीकडे पाठ करून बसायच्या.

"जित्या नवऱ्याचं काढतीस," त्या एकदा म्हणाल्या. "कुणाला आवतन देतीस गं?"

"बॅटरीवर वाकावं लागतं, आत्याबाई. सोन्याचा मणी दोन टोकांवर पडला तर जाळ हुतो."

"जाळ हुतो तर घरात कशाला ठेवलीया?"

यावर शालूबाई गप्प बसल्या. गप्प बसण्यात त्यांची एक चूक होती, पण ती पुढे कळली.

शालूबाई मूळच्या खंडाळा तालुक्यातल्या. वडील फौजेत हवालदार होते, त्यामुळे मुलीला सातवीपर्यंत शिकवलं आणि जावईही फौजेतलाच केला. १९६८ साली त्या लग्न होऊन माधवनगर-तासगाव रस्त्यावरच्या या गावात आल्या. नवरा हंबीरराव मराठा पलटणीत. तीन वर्षांत मिळून चार महिने संसार झाला असेल. मग एकाहत्तरची लढाई लागली. डिसेंबरात पूर्वेकडच्या कुठल्याशा भाताच्या खाचरात हंबीररावांच्या पाठीत गोळी शिरली.

त्यांच्याच गावचा लालासाहेब त्यांच्याच तुकडीत होता. त्यानं हंबीररावांना पाठीवर घेतलं आणि दीड मैल चालत मागच्या मलमपट्टीच्या ठाण्यावर आणून सोडलं. सोडलं आणि स्वतः खाली बसला, तो उठलाच नाही. त्याच्या पोटात लोखंडाचा तुकडा शिरला होता. एवढं अंतर चालताना त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. हंबीररावांना त्या वाटेतलं एकच आठवत होतं, आपल्या छातीखाली चाललेला त्याचा श्वास. प्रत्येक पावलाला एक धाप, आणि धापेच्या शेवटी बारीक शीळ.

अडीच वर्षं पुण्याच्या लष्करी दवाखान्यात काढून हंबीरराव घरी आले, ते कमरेखाली मेलेले पाय घेऊन. लालासाहेबाची आई अंबूबाई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. ती भेटायला आली की हंबीरराव भिंतीकडे तोंड करून पडत. पुढं पुढं ती यायची थांबली. एका संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "मला उचलून हिरीच्या काठावर नेऊन ठेव. पुढचं मी बगतो." त्या रात्रीपासून शालूबाईंनी खाट विहिरीकडच्या दारापासून हलवून आतल्या खोलीत टाकली.

आणि मग शहात्तरच्या चैत्रात खुर्ची आली. परदेशातल्या एका संस्थेनं जखमी जवानांसाठी विजेवर चालणाऱ्या थोड्या खुर्च्या पाठवल्या होत्या, त्यातली एक हंबीररावांच्या वाट्याला आली. बैठकीखाली ट्रकच्या असतात तशा दोन बॅटऱ्या, उजव्या हाताशी एक दांडा. दांडा जिकडे झुकवावा तिकडे खुर्ची वळायची. पहिल्या दिवशी हंबीरराव एकटे उसाच्या बांधापर्यंत गेले आणि दोन तासांनी परत आले. चार वर्षांत पहिल्यांदा ते कुणी न उचलता घराबाहेर गेले होते.

"कसा हाय ऊस?" शालूबाईंनी विचारलं.

"तांबेरा पडलाय खालच्या अंगाला," ते म्हणाले. "कुणी बगत न्हाई का रानाकडं?"

त्यांच्या तोंडचा तो कुरकुरीचा सूर ऐकून शालूबाई चुलीपुढं जाऊन रडल्या. खुर्ची चालली तर माणूस जगणार आणि खुर्ची थांबली तर पुन्हा विहीर, हा हिशेब त्यांनी त्याच दिवशी मनाशी पक्का केला.

बॅटरीची विद्या त्या माधवनगरला नाथाजीकडून शिकल्या. नाथाजी फौजेतून निवृत्त झालेला, गिरणीच्या रस्त्याला ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वितळून घट्ट झालेल्या मेणासारखी होती आणि त्या बाजूचा डोळा पांढरा. शालूबाईंनी नजर चुकवली तेव्हा तो म्हणाला, "बगा बगा, वैनी. हे बगूनच शिकायचं असतं. मी बॅटरीवर वाकून इडी पेटवली हुती. एकच इडी."

त्यानं सांगितलं, बॅटरी चार्ज होताना उकळते आणि तिच्यातून वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हलका असतो, वर आढ्याला जाऊन साठतो. दारं-खिडक्या उघड्या असल्या तर निघून जातो, बंद असल्या तर ठिणगीची वाट बघत बसतो. म्हणून चार्जिंगच्या खोलीत विस्तव नाही, उदबत्ती नाही, निरांजन नाही. बैठक उचलून ठेवायची. आधी भिंतीवरचा स्विच बंद करायचा, मगच बॅटरीच्या टोकांवरचे चार्जरचे चिमटे काढायचे, नाहीतर चिमट्यालाच ठिणगी पडते. पाणी घालायचं ते दुकानातलं डिस्टिल पाणी, विहिरीचं नाही.

"आन् घरात समद्यांस्नी सांगा," नाथाजी म्हणाला. "एकट्यानं जपून भागत न्हाई."

शालूबाईंनी बाकी सगळं पाळलं, एवढं मात्र पाळलं नाही. एका ठिणगीनं खोली उडू शकते हे सासूबाईंच्या कानावर गेलं तर खुर्ची दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जाईल, याची त्यांना खात्री होती. नवऱ्याला सांगावं तर आपण बायका-माणसांना धोक्यात घालतो म्हणून तोच खुर्चीत बसायचं सोडेल. तेव्हा त्यांनी सगळे नियम एकटीनं सांभाळले. खिडक्या त्याच उघडत, चिमटे त्याच लावत. विचारलं तर "नाथाजीनं सांगितलंय" एवढंच म्हणत.

वर्ष नीट गेलं. फक्त धोंडुबाईंना त्या खोलीत बसवेना. चार्जिंग चालू असलं की बॅटऱ्यांतून खदखद यायची, बारीक, थांबून थांबून, कुणी ओठ न उघडता बोलावं तशी.

"पुटपुटतंय काय तरी," त्या म्हणायच्या. "रोज तेच बोलतंय. ध्यान देऊन ऐक एकदा."

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात बॅटरी उतरू लागली. सकाळी भरून ठेवावी आणि दुपारी पाहावं तर अर्धी रिकामी. शालूबाई हंबीररावांना विचारत, "कुठं लांब गेलतासा का?" ते शपथेवर सांगत की अंगणाबाहेर चाक गेलं नाही.

मग एका भर दुपारी खुर्ची जागेवर दिसेना.

हंबीरराव खाटेवर झोपलेले. धोंडुबाई परसात तूर पाखडत होत्या. शालूबाई रानातून आल्या तर कडुलिंबाखाली खुर्ची नाही. ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. धुळीत चाकांच्या दोन रेघा तेवढ्या होत्या. त्या रेघा अंगणातून निघाल्या, तीन रस्त्यांच्या तिकटीवर डावीकडे वळल्या, पुढे देवळाच्या कोपऱ्याला उजवीकडे वळल्या आणि अंबूबाईच्या दारात थांबल्या. तिथं खुर्ची उभी होती. अंबूबाई तांब्यातून तिच्या चाकांवर पाणी घालत होती. पाणी घालून झाल्यावर तिनं भाकरीचा तुकडा खुर्चीवरून ओवाळला आणि बाजूला टाकला, लांबून आलेल्या लेकावरून टाकतात तसा.

"अंबूमावशी, कुणी आणली ही?"

"आणंल कोण?" अंबूबाई म्हणाली. "लाला आलाय."

त्यानंतर आणखी एकदा तसंच झालं. खुर्ची जाताना कुणाला दिसली नाही, दोन्ही वेळा उभीच दिसली. अंबूबाई रोज बाराच्या सुमाराला तांब्या भरून दारात बसू लागली. गावात कुजबुज झाली की हंबीरराव खुर्चीवर बसून फिरतो कुठला, त्याला अजून लालाच पाठीवर घेऊन हिंडतोय. हंबीररावांच्या कानावर ते गेलं. दोन दिवस ते खुर्चीत बसले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"खुर्चीला झालंय तरी काय?" धोंडुबाईंनी सुनेला विचारलं.

शालूबाई घाईत होत्या. दुकानात ऐकलेल्या शब्दांतच बोलून गेल्या. "रोज उतरतीया, आत्याबाई. चढवली की उतरती. चढताना लय खदखदती."

धोंडुबाईंचा हात सुपावर तसाच राहिला. त्यांच्या माहेरी देवऋषीपण होतं. वारं चढतं, वारं उतरतं, चढताना माणूस पुटपुटतं, हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेले. सुनेनं आपल्या तोंडानं कबूल केलं असंच त्यांना वाटलं. संध्याकाळी त्या वरच्या आळीच्या दगडाबाईकडे जाऊन आल्या. दगडाबाई उताऱ्याची जाणती. तिनं सांगितलं, अवसेला, ठीक बाराला, चढत असतानाच उतरवायचं. धरलेला माणूस खुर्चीत पाहिजे. खिडक्या-दारं लावून घ्यायची आणि कुणाला सांगायचं नाही. सुनेला तर मुळीच नाही.

अवसेच्या सकाळी शालूबाईंनी नऊ वाजता चिमटे लावले, खिडक्या उघडल्या, बैठक भिंतीला टेकवली आणि माधवनगरची एस.टी. धरली. बाराच्या आत परत येऊन त्या स्विच बंद करणार होत्या.

नाथाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी कुठवर घालता, वैनी?"

"काठोकाठ."

"का?"

"अर्धं भांडं ठेवू ने. आमच्याकडं भरलेलंच ठेवत्यात."

नाथाजीनं कपाळाला हात लावला. "आवं, ती काय लगनातली घागर हाय का? आतल्या पट्ट्या बुडून वर अर्धं पेर पाणी, बास. तुमी काठोकाठ भरता, ते उकळून वर सांडतं. त्या ओलीवर धूळ बसती. त्या ओल्या धुळीतनं बॅटरी रातंदिस पाझरती. कोण वापरत न्हाई तिला, आपली आपण गळतीया. चार्जिंग बंद करून, झाकणं घट्ट लावून, वरनं सोड्याच्या पाण्यानं पुसून काढा. सोडा आत जाऊ द्यायचा न्हाई."

शालूबाईंच्या छातीवरचा दगड खाली उतरला. "आन् चालती ती?"

"दांड्याखालच्या स्विचला अॅसिडची वाफ लागली असंल. चिकटला की खुर्ची सुटली."

"सरळ सुटली असती, भाऊ. मधी दोन वळणं हाईत. एक डावं, एक उजवं."

नाथाजी पाना उचलून बॅटरीवर वाकला. "वळणांचं मला ठावं न्हाई, वैनी," तो म्हणाला. "तुमी लवकर घरी जावा."

फाट्यावर उतरून शालूबाई पायवाटेनं निघाल्या. वारा माधवनगरकडून होता. घर दिसलं. खोलीच्या दोन्ही खिडक्या बंद होत्या.

ती खोली धाब्याची, वर मातीचं माळवद, कुठं कौलाची फट नाही. खिडक्या लावल्या तेव्हापासून निघालेला सगळा वायू आत कोंडला होता. दार लोटलेलं होतं. दाराबाहेरून त्यांना ती खदखद ऐकू आली, पण रोजच्यासारखी नव्हती. मोठ्या हंड्यात काही शिजत असावं, इतकी मोठी होती. फटीतून त्यांनी पाहिलं. हंबीरराव खुर्चीत बसले होते, खाली बॅटऱ्या उघड्या, चिमटे लावलेले. आईनं पाया पडून म्हटलं होतं, एवढं एकदा करू दे, मग खुर्चीला हात लावणार नाही. ते तयार झाले होते. दोघा शेजाऱ्यांनी त्यांना उचलून बैठकीच्या जागी आडव्या टाकलेल्या फळीवर बसवलं होतं. धोंडुबाई समोर उभ्या. डाव्या हातात ताट, त्यात दहीभात, कुंकू लावलेलं लिंबू आणि कापराचा डोंगर. उजव्या हातात काड्यापेटी. त्या गिरणीच्या बाराच्या भोंग्याची वाट बघत होत्या.

ओरडावंसं वाटलं, पण दचकून काडी ओढली गेली तर? शालूबाई आधी सोप्यात गेल्या आणि भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. वीज गेली. खदखद मात्र थांबली नाही. मग त्यांनी दार पुरतं उघडलं, आत जाऊन एक खिडकी उघडली, मग दुसरी. धोंडुबाईंचे डोळे संतापानं मोठे झाले, पण उताऱ्याला बोलायचं नसतं म्हणून त्या बोलल्या नाहीत.

आणि लांबून भोंगा सुरू झाला.

धोंडुबाईंनी काडी पेटीला टेकवली. शालूबाईंनी पुढं होऊन पेटीवर आपला तळवा ठेवला. वायू, ठिणगी, नाथाजीचा चेहरा, हे सगळं समजावून सांगायला भोंगा संपेपर्यंतचाच वेळ होता, आणि तेवढ्यात ते सासूबाईंच्या डोक्यात शिरलं नसतं.

"आत्याबाई, घरात उतरवायचं, पर पेटवायचं तिकटीवर. हितं पेटवलं तर ते हितंच ऱ्हाईल. जन्माचं."

धोंडुबाईंचा हात थबकला. दगडाबाईनं कापूर कुठं पेटवायचा हे सांगितलंच नव्हतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी ताट लेकावरून आणि खुर्चीवरून तीनदा फिरवलं. मग तोंड उघडलं.

"कोण नील? नेणाऱ्यानं माघारी बगायचं नसतं. तू बगशील."

"न्हाई बगायची."

"हाक मारली तरी?"

"तरी न्हाई."

शालूबाईंनी ताट आणि पेटी घेतली. बाहेर पडताना त्यांनी हंबीररावांच्या पायावरून हात फिरवला. ते भिंतीकडे बघत होते.

उन्हात गल्ली पांढरी पडली होती. तीस-एक पावलं झाली असतील, तेव्हा मागून आवाज आला. मऊ धुळीतून रबरी चाकं फिरल्याचा, आणि त्याखाली मोटरची बारीक घुं. त्या जरा भराभर चालल्या, तर आवाजही भराभर आला. त्या थांबल्या, तर तोही थांबला.

"आवं, तुमीच हाय न्हवं?" त्या मान न वळवता म्हणाल्या. "घरी जावा. ऊन लय हाय."

उत्तर आलं नाही. चाकं जवळ आली तेव्हा त्यांना आणखी एक आवाज ऐकू आला. कुणीतरी श्वास घेत होतं. हंबीररावांचा श्वास त्या झोपेतही ओळखायच्या, तो हा नव्हता. पाठीवर जड ओझं घेऊन लांबून चालत आलेल्या माणसाचा तो श्वास होता. पावलागणिक एक धाप, आणि धापेच्या शेवटी शीळ.

त्यांनी ताट दोन्ही हातांनी धरलं आणि तिकटीपर्यंतची पावलं मोजली. एकशे बारा झाली. तिकटीच्या मधोमध ताट ठेवलं, काडी ओढली. कापूर पेटला. वारा होता, पण ज्योत सरळ उभी राहिली. मागचा श्वास त्यांच्या डाव्या खांद्यापाशी आला, क्षणभर थबकला, आणि देवळाच्या बाजूला निघून गेला. त्यांनी डोळे ज्योतीवरून हलवले नाहीत. देवळापलीकडून अंबूबाईचा आवाज मात्र स्पष्ट आला.

"आलास का रं बाबा? किती दमलाईस. ठेव आता खाली, ठेव त्येला."

मग पाणी ओतल्याचा आवाज, आणि दार लागल्याचा.

शालूबाई दुसऱ्या वाटेनं घरी आल्या. खोलीत खुर्ची होती तिथंच होती. हंबीरराव तिच्यात बसले होते, चिमटे लावलेले तसेच.

"माज्या मागं आलतासा?"

"चार्जरला बांधलेला माणूस कुठं येतोय?" ते म्हणाले. "आईला इचार."

"हितंच हुता," धोंडुबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "जरासुदिक हालला न्हाई. एकदम हलकं वाटतंय म्हणाला, तेवढंच."

शालूबाईंनी चिमटे काढले. मग खाली बसून दोघांना सगळं सांगितलं, वायू, ठिणगी, नाथाजीची विडी, सोड्याचं पाणी, काहीही न लपवता. धोंडुबाई हातात नसलेल्या काड्यापेटीकडे बघावं तशा आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

"हे आदी का सांगितलं न्हाईस?"

"खुर्ची टाकून दिली असतीसा."

"दिली असती," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून त्यांनी विचारलं, "सोडा आणलाईस का?"

दोघींनी मिळून बॅटऱ्यांची वरची बाजू पुसून काढली. नंतर बॅटरी पुन्हा कधी तशी उतरली नाही. नाथाजीचं म्हणणं सोड्यानं गुण आला, धोंडुबाईंचं म्हणणं उताऱ्यानं. शालूबाई दोघांनाही हो म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाई दारात बसलेली दिसली नाही. तांब्याही बाहेर नव्हता. ते ऐकून हंबीरराव म्हणाले, "मला तिकडं जायाचंय." पाच वर्षांत ते त्या गल्लीत गेले नव्हते. त्यांनी स्वतः दांडा धरला. तिकटीवर डावं वळण, देवळापाशी उजवं. शालूबाई मागून चालत होत्या. दार पुढं केलेलं होतं. हंबीररावांनी हाक मारली, "अंबूमावशी."

अंबूबाईनं दार उघडलं. तिचा चेहरा रात्रभर झोप लागलेल्या माणसासारखा होता. तिनं हंबीररावांचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला, मग ओठांवर बोट ठेवलं.

"ये की आत," ती हळूच म्हणाली. "पर ती मशिन बंद कर पोरा, लय वाजती. त्यो आत्ताच निजलाय."

हंबीररावांनी दांड्यावरचा हात काढला.